तीस पळाले, नऊ जागेवरच राहिले: घोडा सुटलाच नाही तर पैसे परत द्यायचे का?

लावलेला घोडा सुटलाच नाही तर पैसे परत मिळायला हवेत का, हा प्रश्न रेस खेळणाऱ्या कुणालाही विचारा, तो लगेच हो म्हणणार. तोच प्रश्न बुकीला विचारा, तो म्हणणार आधी सांगा का सुटला नाही. मी बुकींच्या बाजूचा माणूस नाही, पण या एका बाबतीत मला त्यांचा प्रश्नच बरोबर वाटतो, आणि हे ज्या एका प्रकरणावरून मला नीट कळलं ते इथे सगळं मांडतोय. जरा लांब होईल पण मधलं काही गाळलं तर मुद्दा हातातून निसटतो.

प्रकरण १९९३ च्या ग्रँड नॅशनलचं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या एनट्री रेसकोर्सवर दर वर्षी एप्रिलच्या आसपास ही रेस होते, तेव्हा अंतर होतं साडेचार मैल म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वासात किलोमीटर, दोन फेऱ्या आणि मध्ये उड्या मारायचे ३० अडथळे. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याला जी सपाट मैदानावरची रेस असते तसं हे नाही, घोडे पडतात, जॉकी पडतात, निम्म्याहून जास्त घोडे शेवटपर्यंत पोचत नाहीत अशी बरीच वर्षं गेलीत. आणि तिकडे ही अशी रेस आहे की जी माणसं वर्षभर कधी बुकीच्या दुकानाची पायरी चढत नाहीत तीसुद्धा त्या दिवशी दोनपाच पाउंड लावतात, आजी नातवाच्या नावाशी जुळणारं नाव बघून लावते, ऑफिसात चिठ्ठ्या टाकतात. त्यामुळे पैसा प्रचंड फिरतो, आणि तो बहुतेक साध्या माणसांचा असतो हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तारीख ३ एप्रिल १९९३, शनिवार. ३९ घोडे रेसला. हवा ओलसर, गार. सुरुवातीलाच उशीर झाला कारण प्राण्यांच्या हक्कांसाठी आंदोलन करणारे काही जण पहिल्या अडथळ्याजवळ ट्रॅकवर घुसले होते, त्यांना बाजूला काढेपर्यंत घोडे आणि जॉकी तसेच ताटकळत. आधीच तापलेले घोडे गोल गोल फिरून आणखी तापलेले. आणि या रेसला सपाट रेससारखं लोखंडी गेट नसतं, ट्रॅकच्या रुंदीभर एक टेप आडवी ताणलेली असते, स्टार्टरने लिव्हर ओढला की टेप वर उडते आणि घोडे सुटतात. स्टार्टर होते कॅप्टन कीथ ब्राउन, रिटायर होण्याआधीची त्यांची ही शेवटची नॅशनल.

पहिल्यांदा टेप वर गेली ती काही घोड्यांच्या अंगातच अडकली. ब्राउननी लाल झेंडा हलवला, ट्रॅकवर शंभरेक यार्ड पुढे केन एव्हन्स नावाचा माणूस उभा होता, त्याचं काम एवढंच की स्टार्टरचा झेंडा दिसला की आपलाही झेंडा हलवून घोड्यांना मागे वळवायचं, त्याने ते केलं, सगळे परत आले. इथपर्यंत ठीक.

दुसऱ्यांदा टेप वर जाताना ती रिचर्ड डनवुडी या जॉकीच्या मानेभोवती अडकली. तो वोन्ट बी गॉन लाँग नावाच्या घोड्यावर होता. म्हणजे चित्र असं बघा, ३९ घोडे सुटायच्या पवित्र्यात, त्यातले बहुतेक सुटलेत, आणि एका माणसाच्या गळ्यात टेप. ब्राउननी पुन्हा फॉल्स स्टार्ट जाहीर करायला झेंडा वर केला पण झेंडा उलगडलाच नाही, काठीला गुंडाळलेला तसाच राहिला. पुढे उभ्या एव्हन्सकडून मागे फिरा अशी खूण गेली नाही. ३० घोडे निघून गेले. नऊ घोडे सुरुवातीच्या जागेवर राहिले.

आता पुढचं ऐका कारण पैशाच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. ते ३० घोडे उड्या मारत चालले होते, प्रेक्षक ओरडत होते, टीव्हीवर अंदाजे ३० कोटी लोक बघत होते, आणि त्या जॉकींना थांबवायचं कसं हे कुणालाच कळत नव्हतं. पहिली फेरी संपत आली तेव्हा स्टँडसमोरच्या मोठ्या अडथळ्याजवळ, त्याला तिकडे चेअर म्हणतात, अधिकारी झेंडे घेऊन हातवारे करत होते, पण जॉकींना वाटलं हे पुन्हा ते आंदोलनवालेच. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं, दहा मिनिटांपूर्वीच तर तसे लोक ट्रॅकवर होते. काहींना मात्र आपला ट्रेनर रेलिंगजवळ ओरडताना दिसला आणि त्यांनी घोडा आवरला. पीटर स्कुडामोर, तिकडचा अनेक वर्षांचा चॅम्पियन जॉकी, कॅप्टन डिबलवर होता, त्याने ट्रेनरची खूण बघून घोडा थांबवला. बाकीचे दुसऱ्या फेरीत निघाले.

सात घोडे शेवटपर्यंत पोचले. पहिला आला एशा नेस, जॉकी जॉन व्हाइट, ट्रेनर जेनी पिटमन, भाव ५० ला १. वेळ ९ मिनिटं १.४ सेकंद, तोपर्यंतची नॅशनलची दुसरी सगळ्यात वेगवान वेळ, रेड रम नावाच्या त्यांच्या दंतकथा झालेल्या घोड्याने १९७३ ला काढलेल्या वेळेपेक्षाही अर्धा सेकंद कमी. जेनी पिटमन ही नॅशनल जिंकणारा घोडा तयार करणारी पहिली बाई, १९८३ ला कॉर्बिएर घेऊन जिंकलेली, आणि ती त्या दिवशी स्वतः अधिकाऱ्यांकडे धावत गेली होती की ही रेस थांबवा, माझा घोडा पळतोय पण असं जिंकायचं नाही मला. व्हाइटला रेषा पार केल्यावर समजलं की ही रेस झालीच नाही. त्याचा तो चेहरा ज्यांनी पाहिलाय ते विसरत नाहीत.

स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, रेस रद्द ठरवली. पुन्हा घ्यायची नाही असंही ठरलं. आणि बुकींना लावलेले सगळे पैसे परत करावे लागले, अंदाजे साडेसात कोटी पाउंड.

आता माणसं तीन प्रकारची झाली बघा. पहिला प्रकार, ज्यांनी त्या नऊ घोड्यांपैकी एकावर लावले होते. त्यांचा घोडा नाठाळ नव्हता, जॉकी कच्चा नव्हता, उलट जॉकीने नियमाप्रमाणे फॉल्स स्टार्ट ओळखून घोडा थांबवला होता किंवा टेपमध्ये अडकला होता. दुसरा प्रकार, ज्यांचा घोडा पळाला पण मध्येच पडला, किंवा खूण बघून थांबवला गेला. तिसरा प्रकार, एशा नेसवाले. १० पाउंड लावलेल्या माणसाला ५०० नफा आणि आपले १० असे ५१० मिळायचे, त्याच्या हातात परत १० आले.

तिसऱ्या प्रकारातल्या माणसाबद्दल मला खरंच वाईट वाटतं. वर्षातून एकदा लावणारी कुणीतरी बाई असेल, टीव्हीसमोर बसून तिने आपला घोडा पहिला येताना डोळ्यांनी पाहिला, आणि दुकानात गेल्यावर तिला तिची नोट तेवढी परत मिळाली. तिच्या बाजूने विचार केला तर पैसे परत देणं हाच अन्याय वाटतो. त्यामुळे खूप जणांनी तेव्हा आणि नंतरही विचारलंय की नऊ घोडे सुटले नाहीत ना, मग त्या नवांना नॉन-रनर धरा, त्यांचे पैसे परत करा, आणि उरलेल्या तीसमध्ये जो पहिला आला त्याला विजेता द्या, गुंता संपला.

ऐकायला हे सरळ वाटतं. त्यासाठी ब्रिटनच्या बेटिंगमध्ये तयार व्यवस्थाही आहे, तिला नियम चार म्हणतात. एखादा घोडा ऐनवेळी बाहेर पडला की त्याच्यावरचे पैसे परत, आणि राहिलेल्या घोड्यांवर आधीच जुन्या भावाने लावलेल्या लोकांच्या जिंकलेल्या रकमेतून ठरलेली कपात, कारण एक स्पर्धक कमी झाल्याने त्यांचं काम सोपं झालं. बाहेर पडलेला घोडा जेवढा तगडा तेवढी कपात जास्त. बरोबरीच्या भावाचा घोडा गेला तर पाउंडामागे ४५ पेन्स, १० ते १४ ला १ च्या भावाचा गेला तर ५ पेन्स, त्याहून मोठ्या भावाचा गेला तर काहीच नाही. मला हा नियम आवडतो, कारण त्यात एक गोष्ट मान्य केलेली आहे की भाव हा एकट्या घोड्याचा नसतो, भाव म्हणजे या घोड्यांच्या घोळक्यात या घोड्याची किंमत. घोळका बदलला की किंमत बदलली.

पण १९९३ ला हा मार्ग चालला नसता आणि चालायलाही नको होता, त्याचं कारण स्कुडामोर. त्याला जे सांगितलं ते त्याने ऐकलं. अधिकारी, ट्रेनर थांबा म्हणताहेत म्हणून त्याने घोडा आवरला. आता समजा नऊ घोडे वगळून निकाल लावला असता तर ज्यांनी खूण ओळखून घोडे थांबवले ते सगळे हरले असते आणि ज्यांना खूण कळली नाही किंवा ज्यांनी ती आंदोलनवाल्यांची समजली त्यातला एक जिंकला असता. म्हणजे पुढच्या वेळी झेंडा दिसला की प्रत्येक जॉकी मनात म्हणणार, थांबू नकोस, थांबणारे मरतात. घोड्यांच्या रेसमध्ये झेंडा न मानण्याची सवय लागली तर ट्रॅकवर पडलेला जॉकी तुडवला जाईल, हा काही नुसता पैशाचा विषय राहत नाही. म्हणून रेस रद्द करणं आणि सगळ्यांचे पैसे परत करणं हाच एक मार्ग उरला होता असं माझं ठाम मत आहे, एशा नेसवाल्या बाईचं वाईट वाटूनसुद्धा.

दुसऱ्या प्रकारातले काही जण मात्र फुकट वाचले हे मान्य करायला हवं. ज्यांचा घोडा सुरुवातीलाच धडपडला त्यांचे पैसे कुठल्याही दुसऱ्या वर्षी गेलेच असते, त्या वर्षी परत आले. हे चुकतं का? मला नाही वाटत, कारण रद्द म्हणजे रद्द, तिथे प्रत्येक घोड्याची वेगळी चौकशी करत बसलात की कोण नैसर्गिकपणे पडला आणि कोण गोंधळामुळे, तर ती चौकशी कधी संपणारच नाही.

आता एक गोष्ट जी फार लोकांना माहीत नसते. १९९३ ला इंग्लंडमध्ये बेटचे पैसे कोर्टात जाऊन वसूल करता येत नव्हते. १८४५ चा गेमिंग कायदा होता, त्याप्रमाणे पैज हा करारच अंमलात आणण्यासारखा नाही, बुकीने तुमचे जिंकलेले पैसे दिले नाहीत तर कोर्ट दरवाजा उघडणार नाही. हे बदललं २००५ च्या गॅम्बलिंग कायद्याने, आणि तेही लागू झालं १ सप्टेंबर २००७ पासून. म्हणजे ते साडेसात कोटी पाउंड कुणा कोर्टाच्या हुकमाने परत आलेले नाहीत, ते आले धंद्याच्या स्वतःच्या नियमांनी, रेस रद्द तर बेट रद्द या जुन्या तत्त्वाने. बुकी म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात, मीही मुरडतो, पण आधी लिहून ठेवलेला नियम असला की एवढा मोठा पैसासुद्धा सरळ परत जातो हे इथे दिसतं. आणि परत दिलेले पैसे बुकीचे कधी झालेच नव्हते. बुकी कमावतो कशावर, तर तो जोखीम घेतो आणि भाव असे ठेवतो की त्यावरून निघणाऱ्या सगळ्या घोड्यांच्या जिंकण्याच्या शक्यतांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते, तो वरचा भाग त्याचा. घोडा पळाला आणि हरला तर त्या पैशावर त्याचा हक्क, कारण घोडा जिंकला असता तर त्याला द्यावे लागले असते. पण जो घोडा टेपमध्ये अडकून जागेवरच राहिला तो जिंकण्याची शक्यताच नव्हती, मग बुकीने जोखीम कुठली घेतली? जोखीम न घेता पैसे ठेवून घेणं याला धंदा म्हणत नाहीत.

इथवर सगळं परत द्या या बाजूचं झालं. आता दुसरी बाजू, आणि ही मला लहानपणी एका तिकिटामुळे कळली.

काकांबरोबर मी पहिल्यांदा रेसला गेलो तेव्हा दहावीत होतो. काका नेमाने जायचे, पण खिशात मोजके पैसे ठेवून, परतीच्या लोकलचे वेगळे काढून. त्या दिवशी त्यांनी एका राखाडी घोड्यावर लावले, पंधराचा भाव होता. गेट उघडलं, सगळे सुटले, आणि हा राखाडी गेटमध्ये चारी पाय रोवून उभा. जॉकी टाचा मारतोय, तो कान मागे टाकून ढिम्म. मला वाटलं आता पैसे परत मिळणार, मी काकांना म्हणालो चला ना काका, खिडकीवर जाऊ. काकांनी ते तिकीट दोन बोटांत धरून उलटंसुलटं बघितलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "अरे बाळा, गेट उघडलं होतं. घोड्याला जायचं नव्हतं. तो असा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर पंधराचा भाव, नाहीतर हा चारच्या वर मिळाला असता का?" मला तेव्हा पटलं नाही. घरी येईपर्यंत लोकलमध्ये मी वाद घालत होतो.

पुढे समजलं की काका अगदी बरोबर बोलत होते, आणि ते आकड्यातही दाखवता येतं. समजा एक घोडा आहे, दोनातून एकदा सुरुवातीलाच अडून बसतो, पण पळाला तर दहातून एकदा जिंकतो. मग एकूण विसातून एकदा जिंकणार, त्याचा योग्य भाव १९ ला १. आता नियम केला की अडून बसला तर पैसे परत, मग जिथे पैसे खरोखर पणाला लागतात ती वेळ फक्त तो पळतो तेव्हाची, तिथे दहातून एकदा, म्हणून योग्य भाव ९ ला १. म्हणजे पैसे परत द्यायचा नियम केला तरी बुकीच्या खिशातून काही जात नाही, भाव निम्म्यावर येतो आणि तो परतावा आपल्यालाच दुसऱ्या हाताने मोजावा लागतो. आणि १९ चा भावही हवा, अडला तर पैसेही परत हवेत, असं कुणी मागत असेल तर ते मागणं न्यायाचं नाही.

याचं खरंखुरं उदाहरण म्हणजे लबाइक. आयर्लंडचा राखाडी घोडा, गॉर्डन एलियटच्या तबेल्यातला. गुणवान, पण सुरुवातीला मनात आलं तर पळणार नाहीतर उभा राहणार, असं अनेकदा केलेलं. १४ मार्च २०१७ ला इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या मोठ्या रेस-महोत्सवातल्या पहिल्याच रेसमध्ये तो आला तेव्हा सगळ्यांना प्रश्न एकच की हा निघेल का. तो निघाला, आणि मेलनसारख्या घोड्याला मागे टाकून जिंकला, वर जॉकी होता जॅक केनेडी, वय १७. भाव २५ ला १. त्या २५ मध्ये त्याचा हट्ट मोजलेला होता. ज्यांनी लावले त्यांनी त्या हट्टासकट लावले आणि त्याचीच त्यांना किंमत मिळाली. त्याच्या आधी इंग्लंडमध्ये मॅड मूस होता, ट्रेनर नायजेल ट्विस्टन-डेव्हिसचा, जानेवारी २०१३ ला त्या काळच्या सगळ्यात भारी घोड्याच्या, स्प्रिंटर सेकरच्या मागे दुसरा आला होता, एवढी कुवत, पण सुरुवातीला अडून बसायचा. शेवटी २०१४ ला तिथल्या रेसिंगच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या एन्ट्रीच घेणं बंद केलं. मला हा उपाय जास्त शहाणपणाचा वाटतो. घोडा इतका अडत असेल की लोकांचे पैसे वारंवार बुडताहेत, तर परताव्याचा नियम वाकवण्यापेक्षा त्या घोड्याला रेसमध्ये घेऊ नका.

मग रेषा कुठे ओढायची, तर घोड्याच्या स्वभावामुळे अडलं की माणसाच्या आणि यंत्राच्या चुकीमुळे, इथे. गेट उघडलं नाही, टेप अडकली, झेंडा उलगडला नाही, तर परत. गेट उघडलं आणि घोडा उभा राहिला तर नाही. ब्रिटनमध्ये गेटच्या बिघाडामुळे घोडा अडकला तर तो सुटलाच नाही असं जाहीर करायची सोय आहे, हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलियातही स्टुअर्ड्स बघतात की घोड्याला न्याय्य सुरुवात मिळाली का, नसेल तर नॉन-रनर आणि पैसे परत. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ धरला, नशिबाचा जुगार नाही, त्या निकालावर आपल्याकडचं सगळं रेसिंग उभं आहे. मग त्याच तर्काने बघा, मी घोड्याचा वंश पाहिला, आधीच्या रेस पाहिल्या, वजन पाहिलं, जॉकी पाहिला, आणि गेटच उघडलं नाही तर माझ्या कौशल्याची परीक्षा झालीच कुठे? आणि घोडा हट्टी आहे हे ओळखणं तर त्या कौशल्याचाच भाग आहे, ते मला ओळखता आलं नाही तर मी हरलो.

फक्त एक धोका आहे, आणि तो दाखवणारं प्रकरण अगदी अलीकडचं. ५ नोव्हेंबर २०२१, कॅलिफोर्नियातलं डेल मार रेसकोर्स, ब्रीडर्स कपची दोन वर्षांच्या घोड्यांची रेस. गोडॉल्फिन या बड्या तबेल्याचे दोन घोडे शेजारशेजारच्या गेटमध्ये, मॉडर्न गेम्स आणि अल्बहर, दोघांचा ट्रेनर चार्ली अ‍ॅपलबी. अल्बहर गेटमध्ये उसळून कोसळला. शेजारी असलेल्या मॉडर्न गेम्सला इजा होऊ नये म्हणून त्याला पुढच्या बाजूने बाहेर काढलं, पण घोड्यांच्या डॉक्टरांचा समज झाला की तो स्वतःच गेट फोडून बाहेर पडलाय, आणि त्यालाही रेसमधून काढलं. थोड्या वेळाने चूक लक्षात आली. मग ठरलं की तो पळेल, पण फक्त बक्षिसाच्या रकमेसाठी, त्याच्यावरचे बेट रद्दच राहतील. तो पळाला आणि जिंकला. ज्यांनी त्याच्यावर लावले होते त्यांना आपले पैसे परत, बस. ज्यांनी पाच-सहा रेसची एकत्र तिकिटं काढली होती त्यांची त्या रेसमधली निवड आपोआप फेव्हरिटकडे वळवली गेली. स्टँडमधून लोकांनी हुर्यो उडवली, आणि मला त्यांचा राग पूर्ण समजतो. इथे पैसे परत मिळाले हाच लोकांचा तोटा झाला. घोडा पळतोय, डोळ्यांसमोर जिंकतोय आणि पैशाच्या वहीत तो नाहीच.

म्हणून मला हे सारखं म्हणावंसं वाटतं की परत करणं ही काही नेहमीच दया नसते. एशा नेसवाल्या बाईला आणि मॉडर्न गेम्सवाल्यांना, दोघांनाही पैसे परत मिळाले, पण पहिल्या ठिकाणी रेसच झाली नव्हती आणि दुसऱ्या ठिकाणी रेस झाली, घोडा पळाला, फक्त कागदावरची एक चूक मागे घ्यायची हिंमत अर्धीच दाखवली गेली. घोडा पळणार असेल तर बेटही जिवंत हवा, आणि ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नसेल तर घोड्याला पळवू नका.

आणखी एक, आजकाल तिकडचे ऑनलाइन बुकी जाहिरात करतात की अमुक कारणाने हरलात तर पैसे परत. नीट वाचलं तर ते पैसे नसतात, फ्री बेट असतो, म्हणजे तेवढ्या रकमेचा आणखी एक बेट तुम्ही त्यांच्याकडेच लावायचा, आणि जिंकलात तरी त्यातली मूळ रक्कम तुम्हाला मिळत नाही, फक्त वरचा नफा. याला परतावा म्हणणं मला अजिबात मान्य नाही. ज्याचा घोडा गेटच्या बिघाडामुळे अडकला त्याला त्याचे पैसे रोख परत मिळायला हवेत, बुकीच्या मर्जीवर नाही, स्टुअर्ड्सच्या निर्णयावर. बुकीच्या मर्जीवर सोडलं की ज्या रेसची चर्चा झाली तिथे ते उदार होणार आणि मंगळवारच्या दुपारी कुठल्यातरी छोट्या रेसकोर्सवर कुणा म्हाताऱ्याचे दोन पाउंड अडकले तर फोनसुद्धा उचलणार नाहीत.

१९९३ च्या गोंधळानंतर चौकशी झाली, हायकोर्टाचे न्यायाधीश सर मायकल कॉनेल यांनी केली. त्यांनी ब्राउनवरही ठपका ठेवला, घोडे टेपच्या फार जवळ येऊ दिले म्हणून, आणि एव्हन्सवरही, दुसरा फॉल्स स्टार्ट त्याच्या लक्षात आला नाही म्हणून. एव्हन्सचं मला मनापासून वाईट वाटतं, लांब उभ्या माणसाने गुंडाळलेला झेंडा ओळखायचा कसा? पुढे टेप जाड आणि ठळक केली, झेंडे लांबूनही डोळ्यात भरतील असे चमकदार रंगाचे आले, अधिकाऱ्यांमध्ये रेडिओवरून बोलायची सोय झाली. हे सगळं सुरुवातीच्या जागेचं झालं. पैशाच्या बाजूला काही बदलावं लागलं नाही, कारण तिथला नियम त्या दिवशी जसा हवा तसाच चालला होता, सोमवारी सकाळी लोक दुकानात चिठ्ठ्या घेऊन गेले आणि आपापले पाउंड मोजून घेऊन आले.

काकांचं ते तिकीट त्यांच्या जुन्या पाकिटात बरीच वर्षं होतं. शाई उडून गेली होती, घोड्याचा नंबर तेवढा पुसट दिसायचा. मी एकदा विचारलं की काका, त्या दिवशी गेट खरंच उघडलं नसतं तर? ते म्हणाले, "तर मी खिडकीवर सगळ्यात पुढे उभा असतो, आणि पैसे घेतल्याशिवाय हललो नसतो."